शस्त्र उघडे नेऊ नये

१९ ऑगस्ट १९८२

आज टपालात वरून एक परिपत्रक आलं. शस्त्रांच्या कायद्यात दुरुस्ती करायचं दिल्लीत चाललं आहे, तरी ठाण्यांनी आपापल्या हद्दीतले अनुभव व सूचना पंधरा दिवसांत कळवाव्यात. ठाणेदारसाहेबांनी ते वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही वाचली आणि माझ्या टेबलावर टाकलं.

"घनश्याम, तुम्ही रायटर आहात. काढा काहीतरी लिहून. जरा कडक लिहा."

काहीतरी. एकोणीस वर्षं मी या खात्याचं काहीतरी लिहितो आहे. मी लिहिलं नसतं तर या ठाण्याचे निम्मे गुन्हे कोर्टात उभे राहिले नसते. साहेब सांगली की साताऱ्याकडचे. त्यांना इथे येऊन आठ महिने झाले आणि अजून धानाच्या शेताला 'भाताचं खाचर' म्हणतात. अशा माणसाच्या सहीनं दिल्लीला सूचना जाणार. निदान मजकूर तरी शहाण्या माणसाचा असावा.

२३ ऑगस्ट

बाजाराचा दिवस. मुद्दाम फाटकाशी उभा राहून मोजलं. दोन तासांत सात बंदुका गेल्या. सगळ्या ठासणीच्या, पीक राखायला म्हणून परवाना दिलेल्या. पीक शेतात आणि बंदूक बाजारात. एकाच्या एका खांद्यावर बंदूक, दुसऱ्यावर थैली, थैलीतून दोडके बाहेर डोकावत होते. दुसऱ्यानं बंदुकीच्या नळीला चपलांचा नवा जोड अडकवला होता. याला म्हणे शस्त्र.

संध्याकाळी मसुदा पुरा केला. तीन सूचना. एक, पोलिसांचा अहवाल असल्याशिवाय कोणालाही परवाना देऊ नये. दोन, शस्त्र उघडे नेऊ नये. तीन, पीक निघाल्यावर शस्त्र ठाण्यात जमा करावे. दुसरी सूचना मला विशेष आवडली. चार शब्द. एकही काढता येणार नाही.

रुखमिणीला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"उघडी नाई न्याची, तं मंग कशी न्याची?"

"ते ज्याचं त्यानं पाहावं."

"ज्यानं लिवलं त्यानं पाहाव लागते ना जी."

चौथी शिकलेल्या बायकोला कायद्याची भाषा समजावत बसण्यात अर्थ नाही. मी वही मिटली.

३१ ऑगस्ट

साहेबांनी सही केली. माझा एकही शब्द बदलला नाही, म्हणजे वाचला नसावा. मात्र दुसऱ्या सूचनेवर बोट ठेवून म्हणाले, "हे छान आहे. दिल्लीची वाट कशाला पाहायची? आपल्या हद्दीत आजपासून सुरू करू."

अधिकार आहे का, असं मी विचारणार होतो. पण आपलं वाक्य लगेच अमलात येतं आहे म्हटल्यावर कोण विचारतो. हद्दीत एकूण एक्केचाळीस बंदुका, ठाण्यात जमा असलेली एक धरून. प्रत्येक परवान्याच्या मागच्या बाजूला मी स्वहस्ते लिहायचं आणि शिक्का मारायचा, असं ठरलं: 'शस्त्र उघडे नेऊ नये.'

भय्याजींचा परवाना मात्र साहेबांनी बाजूला ठेवला. भय्याजी म्हणजे इथले जुने मालगुजार, बारा बोअरची बंदूक, शंभर एकर धान. "त्यांची जीपमध्ये असते. जीपमध्ये म्हणजे काही उघडी नव्हे."

जीपला टप नाही.

१४ सप्टेंबर

खैरटोल्याचा तेजराम आला. तिसरी खेप. याचा बाप गेल्या वर्षी वारला, बापाच्या नावची ठासणीची बंदूक नियमाप्रमाणे आमच्या मालखान्यात जमा आहे. परवाना आपल्या नावावर करा म्हणून याचा अर्ज. कलेक्टर कचेरीतून आमचा अहवाल मागवला आहे, तो माझ्याकडे आहे. म्हणजे लिहायचा आहे.

"जयभीम, जमादारसाहेब."

मी मान हलवली. मंडळी छप्पन सालापासून असंच बोलतात. आपण कशाला दुखवा.

"कागदाचं काय झालं जी?"

"चौकशी सुरू आहे."

"कोनाची चौकशी? तुमी तं गावात आलेच नाई."

"ठाण्यात बसूनही चौकशी होते."

तो हसला. मग म्हणाला, "धान निसवून राह्यलं, साहेब. बोडीले लागून वावर हाय आमचं, त्याच्या मागं जंगलच. लोंबी भरली का डुकरं येतात. मले डुकरं माराचे नाई, दोन बार काढाचे हायेत. आवाजानं पळतात."

मी म्हटलं, मग फटाके फोड. तो म्हणाला, "फटाक्याले मागच्या वर्षीच सवयले ते."

उत्तर तयार असतं यांच्याकडे. आठवीपर्यंत शिकलेला आहे, तेच नडतं.

५ ऑक्टोबर

भय्याजी आले होते. साहेबांबरोबर तासभर आत बसले. जाताना माझ्या टेबलाशी थांबून आपुलकीनं विचारलं, "खैरटोल्याच्या तेजरामचा कागद कुठवर आला, जमादार?" इतका मोठा माणूस, पण शेजारच्या साध्या शेतकऱ्याची आठवण ठेवतो. त्यांची जमीन तेजरामच्या बांधाला लागून आहे. बोडीचं, म्हणजे तिथल्या लहान तळ्याचं, पाणी आधी तेजरामच्या वावरात उतरतं, मग त्यांच्या. मी सांगितलं की अहवाल या आठवड्यात लिहितो.

ते गेल्यावर साहेबांनी बोलावलं. "त्या अहवालाची घाई नको. नीट चौकशी होऊ द्या."

साहेबांना अचानक नीट चौकशीची आवड लागली. या खात्यात सुधारणा कुठून सुरू होईल, सांगता येत नाही.

दुपारी भय्याजींकडून साहेबांच्या क्वार्टरवर डबा गेला. बकऱ्याचं म्हणे. शिपायानं झाकण उघडून पाहिलं. कातडीवर डुकराचे राठ केस असलेलं बकरं मी तरी कधी पाहिलं नाही.

२७ ऑक्टोबर, दसरा

ठाण्यात शस्त्रपूजा. सरकारी रायफली मांडल्या, त्या सहाच भरल्या, तर साहेब म्हणाले मालखान्यातल्याही आणा, शोभा येईल. त्यात तेजरामच्या बापाची बंदूकही आली. भटजीनं सगळ्यांना सारखा शेंदूर, सारखं झेंडूचं फूल. भय्याजी मुख्य पाहुणे. त्यांनी आपली बारा बोअर खांद्यावर टाकून फोटो काढून घेतला. उघडी. सणाचा दिवस आहे, असं मी मनाशी म्हटलं.

तेजरामला मी मुद्दाम आज ये म्हणून सांगितलं होतं. आला नाही. परवाच घरची सगळी माणसं घेऊन नागपूरला गेला, दीक्षाभूमीला. बंदुकीची खरीच निकड असती तर एखादा माणूस आज कुठे जातो का?

३० ऑक्टोबर

तेजराम आला. बंदूक जागेवर आहे का पाहू द्या म्हणाला. दाखवली.

"हा शेंदूर कोनं लावला जी?"

"दसऱ्याची पूजा होती."

"बंदूक जमा केल्ती आमी. पूजेले नोती देल्ली."

भांडणाच्या सुरात नाही, साधं बोलला. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून, तिथेच खाली बसून, नळी, दस्ता, घोडा, सगळं पुसलं. बराच वेळ लागला. शेंदूर तेलातला असतो, सहज निघत नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही, त्याचाच राग आला.

साहेब दहा दिवसांच्या रजेवर गेले आहेत. सहीचा अधिकार दुय्यम फौजदारांकडे आणि त्यांना कोणताही कागद टेबलावर राहिलेला आवडत नाही. दुपारी अहवाल लिहून टाकला. 'अर्जदाराची वर्तणूक चांगली. हरकत नाही.' चार महिने पडलेलं काम आठ मिनिटांत झालं. लिहिताना वाटलं, एवढंच होतं.

१९ नोव्हेंबर

भंडाऱ्याहून मंजुरी आली. तेजराम सकाळच्या एस्टीनं आला, बरोबर त्याची आई बायजाबाई. मी परवान्याच्या मागे नेहमीचं वाक्य लिहिलं, शिक्का मारला, वाचून दाखवलं.

"मंग कशी नेऊ जी?"

रुखमिणीनं विचारलं होतं तेच. या खेपेला मी उत्तर तयार ठेवलं होतं. "झाकून ने."

म्हातारीनं एस्टीत बसायला आणलेली गोधडी झटकली, बंदूक तिच्यात घातली आणि लुगड्याच्या फाडलेल्या काठानं तीन जागी बांधली. तान्हं मूल गुंडाळावं तशी. शिपाई हसले. मीही हसलो. पण नियम असा पाळणारा माणूस मी प्रथमच पाहिला. बाकीचे माझं वाक्य खिशात आणि बंदूक खांद्यावर ठेवून हिंडतात.

तेजराम म्हणाला, भारी, म्हणजे उशिरा येणारं, धान उभं आहे अजून, पंधरा दिवस राखलं की झालं.

२१ नोव्हेंबर

साहेबांनी काल तेजरामला पकडून आणलं. खैरटोल्याच्या बोडीच्या पाळीवर. गोधडीसकट. साहेब तिकडे भय्याजींच्या जीपमधून गेले होते, आमची जीप दुरुस्तीला आहे. ती परवा दुरुस्त होऊन आली, पण कागदावर अजून दुरुस्तीलाच आहे.

"लिहा. परवानाधारक शस्त्र लपवून नेताना मिळून आला."

मी म्हटलं, "साहेब, उघडे नेऊ नये असं आपणच लिहून दिलं आहे."

"उघडं नेऊ नये. लपवून न्यावं असं कुठं लिहिलंय? दाखवा."

मी परवाना उलटून पाहिला. खरंच नव्हतं लिहिलं. चार शब्दांत ते बसलं नसतं.

मसुद्यात दोष राहिला होता. उघडं नेलं तर नियमभंग आणि झाकून नेलं तर गुन्हा. बंदूक जागच्या जागी ठेवणं एवढाच कायदेशीर मार्ग आणि तिथे डुकरं येत नाहीत. इतका पक्का नियम मी ठरवून लिहू शकलो नसतो.

तेजराम बाकावर बसला होता. "जमादारसाहेब, तुमीच सांगतलं ना झाकून ने म्हणून. साहेबाले सांगा ना."

साहेब माझ्याकडे पाहत होते. मी दौतीत टाक बुडवला. पंचनाम्यात 'झाकलेले' लिहायचं की 'लपवलेले' यावर दोन मिनिटं गेली. 'लपवलेले' लिहिलं. 'झाकलेले' लिहिलं असतं तर पुढचं काही उभंच राहिलं नसतं आणि कोणी झाकायला सांगितलं हा प्रश्न आला असता.

रुखमिणीला यातलं काही सांगितलं नाही.

२८ नोव्हेंबर

तेजराम जामिनावर सुटला. बंदूक मुद्देमाल म्हणून आमच्याकडे. आज बायजाबाई एकटीच आली. आत आली नाही, पायरीवर बसली. मला बाहेर जावं लागलं.

"दोन बांध्या धान खाल्लं काल. पोरगं पिपा वाजवते. डुकरं आयकतात अन् खातात. आठ दिवस द्या बंदूक, मंग घ्या तुमची परत."

"तसं करता येत नाही, बाई. कोर्टाचा माल आहे तो."

"कायले धरलं त्याले, येवढं तरी सांगा."

मी कलम सांगितलं, त्याचं पोटकलम सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं. डुकराइले नंबर सांगून पाह्यतो मंग."

शिपाई हसले. या खेपेला मी आत गेलो.

९ डिसेंबर

कोर्टाचं समन्स घेऊन खैरटोल्याला जावं लागलं. शिपाई पाठवता आला असता. स्वतः गेलो. का, ते लिहीत नाही.

तेजरामचं वावर पाहिलं. एकोणीस वर्षांत घरफोडीचे पंचनामे किती केले, पण सगळं घरच विस्कटलेलं असं पाहिलं नव्हतं. उभं धान आडवं, आडवं धान तुडवलेलं, बांध नाकाडांनी उकरलेले. चिखलात खुरांचे ठसे होते, ठळक, एकावर एक. असे पुरावे आम्हाला कधी मिळत नाहीत. तेजराम राहिलेल्या बांधीत विळा घेऊन वाकला होता. समन्स घेतलं, वाचलं, कनवटीला खोचलं. पाणी पाहिजे का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं, मग घेतलं.

बांधापलीकडे भय्याजींचं धान मजेत उभं होतं. त्यांचा गडी पाळीवर बारा बोअर खांद्यावर टाकून बिडी ओढत फिरत होता. परवाना भय्याजींचा आणि खांदा गड्याचा. त्याची नोंद करण्याचं माझ्या मनात आलं, पण मी समन्स घेऊन गेलो होतो, ते काम वेगळं.

१७ मार्च १९८३

कोर्ट. माझी साक्ष. मॅजिस्ट्रेट तरुण आहेत, चष्मा सारखा पुसतात.

"शस्त्र झाकलेलं होतं की लपवलेलं?"

"लपवलेलं, साहेब."

"दोन्हींत फरक काय?"

"झाकणाऱ्याचा हेतू चांगला असतो."

"आणि याचा हेतू काय होता?"

मला उत्तर येत होतं. मी म्हणालो, सांगता येत नाही.

त्यांनी परवाना उलटा करून मागचं वाक्य मोठ्यानं वाचलं. कोर्टात कोणीतरी हसलं. निर्दोष. शस्त्र परत करावं. पुरं प्रकरण चहा पिऊन होईल एवढ्या वेळात संपलं. बाहेर तेजराम भेटला. मला वाटलं, काही बोलेल. तो एस्टीची वेळ विचारून गेला.

माझं वाक्य मोठ्यानं वाचलं तेव्हा मला ते प्रथमच वाईट वाटलं. म्हणजे वाक्य म्हणून.

२ एप्रिल

वरून पुन्हा पत्र. शस्त्रांच्या गैरवापराची आकडेवारी पाठवा, कायद्याच्या कामी हवी आहे. तक्त्यात दोन रकाने: गेल्या वर्षीचे गुन्हे, त्याआधीच्या वर्षीचे गुन्हे. निर्दोष सुटलेल्यांसाठी रकाना नाही.

आधीच्या वर्षी शून्य. गेल्या वर्षी एक. साहेबांनी खाली शेऱ्यात लिहायला लावलं: 'पीक संरक्षणाच्या शस्त्रांबाबत गुन्ह्यांत लक्षणीय वाढ. शेतकरी शस्त्रे लपवून नेतात.' मी म्हटलं, साहेब, तो सुटला आहे. ते म्हणाले, सुटला हे खरं, पण नेत होता हेही खरं ना?

लिहिलं. मजकुरात व्याकरणाची चूक नाही.

८ जुलै

दुरुस्त कायद्याची प्रत आली. परवान्याआधी नजीकच्या ठाण्याचा अहवाल मागवलाच पाहिजे असं आता कायद्यातच आहे. माझी पहिली सूचना. रुखमिणीला दाखवलं, तिनं 'बरं' म्हटलं आणि चूल फुंकली. देशात किती ठाणी असतील आणि किती जणांनी हेच लिहिलं असेल कोण जाणे, पण शब्द माझ्या शब्दांच्या जवळ आहेत.

पुढे मात्र कोणीतरी शेपूट जोडलं आहे. ठाण्यानं मुदतीत अहवाल पाठवला नाही तर अधिकाऱ्यानं न थांबताही निर्णय करावा, अशी मोकळीक. म्हणजे कागद आमच्याकडे पडून राहतात असा उघड आरोप. कायदा करणाऱ्यांना ठाण्यातल्या अडचणी काय ठाऊक. असल्या माणसांनी एकदा माझ्या टेबलावर बसून पाहावं.

उघडे नेण्याबद्दल काही सापडलं नाही. प्रत दोनदा वाचली. साहेबांना विचारलं, मग परवान्यांवरचं ते वाक्य खोडायचं का? ते म्हणाले, राहू द्या, शिक्का चांगला उमटला आहे.

२२ जुलै

तेजराम आला. कोर्टाच्या आदेशाला चार महिने झाले, बंदूक परत देण्याचा कागद आज निघाला. मी पावती पुढे केली. तो म्हणाला, घेत नाही, जमाच करून घ्या, परवानाही घ्या.

"काहून?" माझ्या तोंडून गावाकडचंच निघालं.

"वावर देल्लं भय्याजीले. त्यायनंच मांगतलं होतं, तीन वर्षांपासून मांगून राह्यले होते. बाबा असतपर्यंत देल्लं नाई. आता तुमसरकडं मँगनीजच्या खाणीवर काम भेटलं मले."

तीन वर्षांपासून. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. दार उघडं होतं, साहेब आत फोनवर भय्याजींशीच बोलत होते, पावसाचं चाललं होतं, रोवणी आटोपली का वगैरे.

शस्त्र स्वेच्छेने जमा करण्याचा नमुना काढला. शेवटचा रकाना, कारण. मी टाक धरून बसलो.

"काय लिहू?"

"लिवा. राखाले काही राह्यलं नाई."

सरकारी कागदावर तसं लिहिता येत नाही. मी लिहिलं: 'आवश्यकता उरली नाही.' वाचून दाखवलं. त्यानं कागद स्वतःकडे फिरवून परत एकदा वाचला, सही केली, पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट.

दारापर्यंत गेला आणि थांबला. दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरून म्हणाला, "हे उघडे नेले तं चालते ना जी?"

मी 'जा' म्हणालो. नंतर नोंदवहीत एक्केचाळीसवर रेघ मारून चाळीस केले. साहेब बाहेर आले, आकडा पाहिला आणि म्हणाले, घनश्याम, हे वरती कळवायला हवं, मसुदा करा. अजून केलेला नाही.